तुझी टाच अजून फ्लेक्सवर आहे

तुला शेवटची अंघोळ घालायची होती तेव्हा शेजारच्या वत्सलाकाकूंनी माझ्या हातात बाटली दिली. हळद कालवायला तेल हवं होतं. बाटली आपलीच, आपल्या दुकानातली. हिरव्या झाकणाची, वर मोहाच्या फुलाचं चित्र आणि खाली तू हट्टानं छापून घेतलेली ओळ : 'टाचेच्या भेगा, कोरडी कातडी, जखम, चटका, सगळ्यांवर गुणकारी.' मी ती बाटली अंगणात भिरकावली. म्हणाले, "हे तेल नाई लागत माह्या बहिणीले. याच्याच भरवशावर मेली थे." बायका एकमेकींकडे पाहायला लागल्या. मी रडत नव्हते, तेही त्यांनी पाहिलं. काकू म्हणाल्या, दुःखानं डोकं फिरलं पोरीचं. डोकं फिरलं होतं खरं, पण दुःखानं नाही, ताई. रागानं.

आता तुझी तेरवीही झाली. लोक जेवून गेले, तुझे गुण गाऊन गेले. मंदा किती कष्टाळू, मंदा किती बोलकी, मंदाच्या हाताला किती गुण. मंदा लबाड होती असं एकजणही म्हणाला नाही. म्हणून मीच म्हणते. लिहायला बसले की माझ्या हातून शाळेतली मराठी उतरते, आणि तू त्यावर हसायचीस. हस खुशाल. पण मध्ये बोलू नको. जन्मात पहिल्यांदा तुला माझ्या मध्ये बोलता येणार नाही, तर माझं पुरतं ऐकून घे.

आपण देवळीच्या दोघी सख्ख्या बहिणी, एकाच घरात दिल्या. तू थोरली सून, मी धाकटी. मला निरोप देताना आई रडलीसुद्धा नाही. म्हणाली, मंदा आहे ना तिथं, मग कुंदीची काय काळजी? आणि तेल तर आपण माहेराहूनच आणलं. मोहाची फळं गळाली की आतली बी, म्हणजे आपली टोळी, फोडायची, वाळवायची आणि घाण्यावरून तेल काढून आणायचं. उन्हाळ्यात पातळ, थंडीत तुपासारखं घट्ट. थंडीत आई चुलीपाशी वाटी ठेवायची, तेलात मेणाचा तुकडा विरघळवायची, आणि आपल्या भेगांत सोडायच्या आधी एक थेंब स्वतःच्या टाचेवर टाकून पाहायची. हाताला चटका लागतो म्हणून आपण तेल उगाच फार निववतो, मग ते भेगेत उतरत नाही. टाचेची कातडी जाड, तेव्हा टाचेचं तेल टाचेवरच पाहायचं, हा तिचा नियम. मी हातावरच पाहत राहिले. तू मात्र नियम पाळलास. आईची कोणती गोष्ट पाळायची हेही तुला कळलं नाही बघ.

तेल वाईट आहे असं मी म्हणत नाही. लग्न होऊन आले त्या हंगामात कापूस वेचून माझी बोटं नखांच्या कडेनं फाटली होती. वाळल्या बोंडाची टोकं तिथंच घुसतात. कणकेतलं मीठ झोंबायचं, आणि मी परातीवर वाकून मुकाट रडायचे. तू परात ओढून घेतलीस, संध्याकाळी मला ओसरीवर बसवलंस आणि एकेका बोटाला तेल चोळलंस. वर दमही दिलास, "रडू नोको वं कुंदे, सासूले वाटीन नाटकं करून राह्यली." त्या वर्षी माझ्या वाटची कणीकही तूच भिजवलीस आणि सासूबाईंना पत्ता लागू दिला नाहीस. ते मी विसरलेले नाही. लपवण्यात तू तेव्हापासूनच पटाईत होतीस, एवढंच मला आता दिसतं.

दुकानाची कल्पना तुझी. पोरं कामाला नागपूरला गेली, घर रिकामं झालं, आणि तू म्हणालीस, दोघी बसून एकमेकींची तोंडं किती पाहायची? जामच्या चौरस्त्यावर, चहाच्या टपरीला लागून टिनाचं शेड घेतलंस. लोक फ्लेक्सवर देवाचा फोटो लावतात, नेत्याचा लावतात. तू फोटोवाल्याला बोलावलंस आणि स्वतःची टाच लावलीस! ही भलीमोठी, गुळगुळीत, चकचकीत टाच, ट्रकवाल्यांना लांबून दिसावी अशी. भाऊजी फ्लेक्सकडे पाहून म्हणाले, "तोंडापरिस टाच बरी आली तुही." तू त्यांच्यावर दोन दिवस रुसलीस, पण फ्लेक्स उतरवला नाहीस.

आणि काय विकायचीस गं! गिरडची टेकडी चढून दर्ग्याचं दर्शन घेऊन आलेल्या बाया जामला बस बदलायला उतरायच्या, अनवाणी चालून पाय फुटलेले. तू हाक मारायचीस, "या वं माय, टेका इथी." मग लुगडं जरा वर खोचून, पाय स्टुलावर ठेवून टाच पुढं करायचीस. "हात लावून पाहा. लाजता काऊन? माहाच पाय आहे, देवाचा नाई." बाया हसायच्या, हात लावायच्या, तू लगेच वाटीतलं कोमट तेल त्यांच्या टाचेत सोडायचीस आणि त्या बाटली घेऊन जायच्या. मी मागे बसून झाकणं लावायचे आणि मनातल्या मनात तुझं कौतुक करायचे. तोंडावर कधी केलं नाही. तू आधीच हवेत असायचीस.

आपलं भांडण त्या ओळीवरून. भेगा ठीक, कोरडी कातडी ठीक, पण जखम आणि चटका कशाला लिहायचं? मी म्हणाले, तेल कातडी मऊ ठेवतं, ते औषध नाही. तू म्हणालीस, "नुसतं तेल म्हनलं तर लोक किरान्यातलं खोबऱ्याचं घेतीन. दवाई म्हनलं की घेते." मी म्हणाले, एखादीनं चिघळलेल्या जखमेवर थापलं तर? तू म्हणालीस, "बरी होईन." मी म्हणाले, नाही झाली तर? तू माझ्याकडे असं पाहिलंस जसं काही मी तुझ्या पोराला नावं ठेवली. कितीदा झालं हे भांडण! दुकानात झालं, घरी झालं, शेंगा फोडता फोडता झालं. दर वेळी कोणीतरी गिऱ्हाईक यायचं किंवा दूध उतू जायचं आणि भांडण तिथंच राहायचं. मला वाटायचं, राहू दे, उद्या भांडू.

साखरेचा आजार तुला जुनाच. विचारलं की म्हणायचीस, "आहे थोडीशी." जशी चहात असते थोडीशी. गोळी आठवली तर घ्यायचीस. दिवाळीच्या सुमारास तू चहावाल्याकडून ग्लास घेऊन आलीस, तेव्हा तुझ्या एकाच पायात चप्पल होती. दुसरी चौरस्त्याच्या मधोमध पडली होती. रस्त्यावरच्या तापल्या गिट्टीवरून तू अनवाणी चालत आलीस आणि तुला कळलंच नाही. चहावाला हसला, तूही हसलीस. म्हणालीस, म्हातारी झाली मी. मला काही हसू आलं नाही. मी म्हणाले, ताई, असं कसं कळत नाही? तू म्हणालीस, "तुलेच सारं कळते."

मग पौषातली ती सकाळ. थंडी मोठी होती, तेल बाटल्यांत थिजलं होतं. तू वाटी गरम केलीस, थेंब टाचेवर टाकलास, "कोमट आहे" म्हणालीस आणि समोरच्या बाईच्या टाचेवर सोडलंस. ती किंचाळून उठलीच. "अवं, जाळता का मले?" तू तिलाच समजावायला लागलीस, "बाई, आता माह्या टाचेवर पायलं नं मी." मी वाटीत बोट बुडवलं आणि तसंच तोंडात घातलं, इतका चटका बसला. तेवढ्यात माझ्या डोक्यात चप्पल आणि वाटी एकत्र आली. मी म्हणाले, ताई, पाय दाखव. तू झटकन लुगडं खाली ओढलंस. "गिऱ्हाइकासमोर तमाशा नोको करू."

दुसऱ्या दिवशी तू मोजे घालून आलीस. टाच दाखवून धंदा करणारी बाई मोज्यात! मी विचारलं तर थंडी वाजते म्हणालीस. परत विचारलं तर म्हणालीस, बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झाल्या. तिसऱ्यांदा विचारलं तर, मी काय लहान पोर आहे का, म्हणून वाटीच आपटलीस. मी तुझ्या पाया पडायच्या बहाण्यानं मोजा ओढायचा प्रयत्न केला, आठवतं? तू माझ्या पाठीत धपाटा घातलास. घरी न्हाणीघराला आतून कडी लावून तू तासन्‌तास काय करत होतीस ते मला आता कळतं. थेंब टाकून टाकून टाचेवर उठलेल्या चटक्यावर तेल लावत होतीस. आपलंच तेल. बाटलीवर लिहिलं होतं ना, चटक्यावर गुणकारी. लिहिणारीचाच त्यावर विश्वास बसला होता. या एका गोष्टीनं माझ्या अंगाचा तिळपापड होतो, ताई. लोकांना फसवणारे निदान स्वतः तरी फसत नाहीत.

शेवटी मी भाऊजींना मध्ये घातलं. त्यांनी आवाज चढवला तेव्हा तू कबूल झालीस की हिंगणघाटला जाऊन डॉक्टरला दाखवते. मी सोबत येते म्हणाले, तर म्हणालीस, दुकान कोण पाहील? दुपारच्या बसनं परत आलीस. हसत होतीस. "दाखवला पाय. का नाई निंगलं. मलम देल्लं अन् म्हने तेल लावत जा." मला बरं वाटलं. मी त्या दिवशी तुझ्यासाठी झुणका-भाकर केली, तुला आवडतो तसा पातळ झुणका. तू दोन भाकरी खाल्ल्यास.

तेरवीला आपला हिंगणघाटचा शिशीवाला आला होता, ज्याच्याकडून आपण रिकाम्या बाटल्या घेतो तो. बिचारा हात जोडून उभा राहिला आणि म्हणाला, "ताई त्या दिवशी आल्या होत्या बाटल्या घ्याले. लंगडत होत्या. मी म्हनलं दवाखाना समोरच आहे, दाखवून घ्या. तं म्हने, पुढच्या खेपेले." समोरच होता, ताई. रस्ता ओलांडायचा होता फक्त. तू बाटल्यांचं पोतं उचललंस आणि बसमध्ये बसलीस, आणि घरी येऊन माझ्या हातची भाकरी खात खात खोटं बोललीस. डॉक्टरच्या तोंडी 'तेल लावत जा' घालायला तुझी जीभ रेटली तरी कशी? मी शिशीवाल्याला पाणी दिलं आणि आत जाऊन भिंतीवर डोकं टेकून उभी राहिले. तू समोर असतीस तर मी तुला मारलं असतं. खरंच मारलं असतं.

तुझ्या पायाला कळत नव्हतं, हे मी मान्य करते. पायाचा काय दोष? पण तुला कळत होतं. मोजा काढला की वास येत होता, चादरीला डाग पडत होते, ते तूच चोळून धूत होतीस. लाज कसली वाटली तुला? टाच फुटली तर दुकान बसेल याची? की कुंदी म्हणेल, सांगितलं होतं ना? म्हणालेच असते मी! कडाकडा भांडले असते, गावभर बोंब मारली असती आणि तुला फरफटत दवाखान्यात नेलं असतं. त्यालाच तर तू घाबरलीस. माझ्या ओरड्याला घाबरलीस आणि त्या जखमेला नाही.

ताप भरून तू न्हाणीघरात कोसळलीस तेव्हा वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरबाईंनी पाय पाहिला. तुला म्हणाल्या, डोळे मिटा आणि मी कोणतं बोट धरलं ते सांगा. तू सांगितलंस, अंगठा. बरोबर. करंगळी. बरोबर. मी कॉटच्या पायथ्याशी उभी होते, मला दिसलं. तू डोळे किलकिले करून पाहत होतीस! मरणाच्या दारात नक्कल करत होतीस. मी तुझ्या डोळ्यांवर हात ठेवला आणि म्हणाले, आता सांग. माझ्या तळहाताला तुझ्या पापण्या ओल्या लागल्या.

गुडघ्याखाली पाय काढावा लागेल, आजच, असं त्या म्हणाल्या. तू नको म्हणालीस. भाऊजी हात जोडून विनवत होते आणि तू म्हणत होतीस, "पाय गेला तं दुकानात दाखवू का?" मी तिथंच ओरडले, "तोंड दाखवजो! एवढं तोंड देल्लं देवानं!" शेजारच्या कॉटवरची म्हातारीही दचकली. तुला हसू आलं. तापानं फणफणलेली, ओठ सुकलेले, आणि खुदकन हसलीस. मला तुझा इतका राग आला आणि इतकी माया आली की काय करावं ते सुचेना. मी तुझे ओठ ओले केले. दुसऱ्या दिवशी तू हो म्हणालीस, पण तोवर विष रक्तात भिनलं होतं. तुझं हो म्हणणं काही कामाचं राहिलं नाही.

भाऊजींनी विचारलं, दुकान बंद करतेस का? मी म्हणाले, नाही. बंद करायला मी काय चोरी केली? मी काळा मार्कर घेतला आणि उरलेल्या एकूणएक बाटलीवर 'जखम, चटका' खोडलं. तुझं माझं भांडण मी अशी एकटीच जिंकले. त्यात काही मजा नाही आली, सांगून ठेवते. तू एकदा तरी हरायला समोर हवी होतीस. मग मी फ्लेक्स उतरवायला स्टुलावर चढले, तर भाऊजी खालून म्हणाले, "राहू दे नं, कुंदा. तेवढीच दिसते थे मले येता-जाता." त्यांचा आवाज ऐकून मी उतरले. त्यांचा घरातल्या फोटोतल्या तोंडापेक्षा त्या टाचेवर जीव आहे, हे तुला ठाऊक होतं का? ठाऊकच असणार.

आता मी तेल लावायच्या आधी विचारते, साखर आहे का. आहे म्हणाली की डोळे बांधते आणि बोटं धरून पाहते. बाया वैतागतात, काही निघून जातात. जाऊ देत. गिऱ्हाईक कमी आणि वाद जास्त, असं चाललं आहे.

काल गिरडहून आलेल्या बसमधून एक बाई उतरली. तुझ्याच वयाची, तुझ्यासारखीच जाडजूड, हातात प्रसादाची पिशवी. फ्लेक्ससमोर उभी राहून पाहत राहिली. मग मला म्हणाली, "बाई, मले अशी टाच पाह्यजे." मी तिला बसवलं. भेगा खोल होत्या. साखर आहे का विचारलं, तर म्हणाली, "आहे थोडीशी." मी तिच्याच पदरानं तिचे डोळे बांधले. ती हसत होती, "आंधळी कोशिंबीर खेळून राह्यल्या का?" मी तिचा अंगठा धरला आणि म्हणाले, सांगा, कोणतं बोट धरलं. ती ताठ बसली, लक्ष देऊन, शाळेतल्या पोरीसारखी. थांबली. जरा वेळानं म्हणाली, "धरा नं मंग."

मी धरलेलंच होतं, ताई. माझं नख पांढरं पडेपर्यंत धरलेलं होतं.

मग मी त्या परक्या बाईवर ओरडले. तुझ्यावर ओरडायचं राहिलेलं सगळं ओरडले. कळत कसं नाही तुम्हाला, घरचे लोक मेले का, कोणाला सांगायला काय होतं, लाज कसली वाटते. चहावाला धावत आला. ती पदर सोडवून भेदरल्यासारखी बघत राहिली. मी बाटली मागे सारली, शेडचं दार ओढलं, तिचा हात धरला आणि तिला वर्ध्याच्या बसमध्ये चढवलं. मीही चढले. एकटीला सोडलं तर ती पुढच्या खेपेला म्हणेल, हे मला माहीत होतं.

बस सुटली. ती बराच वेळ पिशवी कवटाळून बसली होती. मग हळूच म्हणाली, "बाई, एवढ्या काऊन चिडल्या तुमी माह्यावर? मी तुमची कोन लागतो?"

मी म्हणाले, "थे फोटोतली टाच पायली नं तुमी? थे माही बहीण होती."

तिनं पिशवी खाली ठेवली आणि माझा हात हातात घेतला. तेव्हा मी रडले, ताई. वर्ध्यापर्यंत रडले.